नातवाला दिलेला शब्द

प्रश्न : मी ६४ वर्षांची आहे. घरात मुलगा, सून, नऊ वर्षांचा नातू आणि मी. गेल्या जूनपासून माझ्या दिवंगत भावाचा मुलगा आमच्याकडे राहतो. तो २४ वर्षांचा आहे आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. नातू त्याला दादा म्हणतो, त्याच्याकडेच गणित शिकतो आणि रात्री त्याच्याच खोलीत झोपतो. मागच्या रविवारी डोक्याला तेल लावताना नातू एकदम म्हणाला, "आजी, आजपासून मी तुझ्याजवळ झोपू?" कारण विचारले तर बराच वेळ गप्प बसला. मग कोणाला सांगणार नाही अशी गळ्याशपथ माझ्याकडून घेऊन म्हणाला, की दादा रात्री चड्डीवरून हात लावतो, नको म्हटले तरी ऐकत नाही, आणि कोणाला सांगितलेस तर तू चोरून मोबाइल बघतोस हे बाबांना सांगेन म्हणतो. दोन दिवसांनी न राहवून मी मुलाला आणि सुनेला सांगितले. सून नुसती रडते आहे. मुलगा म्हणतो, "मुलगाच तर आहे, मोठा झाला की विसरेल. परीक्षा झाली की दादाला गावी पाठवू, बाहेर वाच्यता नको." वहिनीने विश्वासाने लेकरू माझ्या पदरात टाकले आहे. नातू खोटे तर बोलत नसेल? शपथ मोडली हे त्याला कसे सांगू? आणि वहिनीला काय सांगू? — एक आजी

उत्तर :

नमस्कार आजी,

तुम्ही तीन प्रश्न विचारले आहेत, पण त्यांच्या आधी मला तुमच्या मुलाच्या एका वाक्याकडे वळावे लागेल. "परीक्षा झाली की पाठवू" याचा अर्थ मोठ्यांच्या लेखी थोडा वेळ काढणे एवढाच असेल. नऊ वर्षांच्या मुलाच्या लेखी त्याचा अर्थ असा, की मी सांगितले, सगळ्यांना कळले, आणि तरीही दादा रोज समोर जेवायला बसतो. म्हणून आजपासून नातू तुमच्याजवळ झोपेल, गणिताची शिकवणी बंद होईल, आणि दळण आणायला म्हणून तुम्ही दहा मिनिटे बाहेर गेलात तरी तो त्या तरुणाबरोबर घरात एकटा राहणार नाही. यासाठी कारण सांगण्याची गरज नाही. घरातल्या आजीने नातवाला जवळ झोपवायला कोणाची परवानगी लागत नाही. भाच्याला मात्र इतक्यात जाब विचारू नका, आणि मुलाला राग आला तरी त्याला मारहाण करू देऊ नका. जाब विचारल्यावर असा माणूस बहुधा आधी मुलाला गाठतो, त्याला धमकावतो किंवा त्याच्या पाया पडतो, आणि मग मूल आपले बोलणे मागे घेते.

नातू खोटे बोलत असेल का? मुले खोटे बोलतात, यात वाद नाही. पण ती कशासाठी बोलतात ते पाहावे. गृहपाठ राहिला, काच फुटली, डब्यातली भाजी टाकून दिली, अशा वेळी शिक्षा चुकवण्यासाठी ती खोटे बोलतात. तुमच्या नातवाने जे सांगितले त्यात त्याची स्वतःची चोरी, म्हणजे लपून मोबाइल पाहणे, उघडी पडली. शिक्षा चुकवण्यासाठी बोलणारे मूल स्वतःहून शिक्षा ओढवून घेत नाही. शिवाय तो तक्रार घेऊन आला नव्हता, त्याने जागा बदलून मागितली होती. मुले पुष्कळदा अशीच सांगतात: आधी एक लहानसे वाक्य टाकून ऐकणाऱ्याचा चेहरा वाचतात, आणि चेहरा बरा वाटला तरच पुढचे बोलतात. तुम्ही गप्प राहून ऐकलेत, म्हणून त्याला पुढचे बोलता आले.

त्या मोबाइलच्या धमकीकडेही नीट पाहा. तो मोबाइल त्याच्या हातात कोणी दिला, हे तुम्ही लिहिलेले नाही, पण मला शंका आहे. मुलांशी असे वागणारी माणसे क्वचितच अंधारातून झडप घालतात. ती आधी मूल जिंकून घेतात, मग घरच्यांना जिंकून घेतात. अभ्यास घेतात, गेम खेळू देतात, आईबापांनी नाकारलेली एखादी गोष्ट गुपचूप पुरवतात, आणि त्या लहानशा गुपिताच्या दाव्याला बांधून पुढचे मोठे गुपित मुलाच्या गळ्यात अडकवतात. घरचे म्हणतात, "किती जीव आहे हो त्याचा पोरावर!" आणि त्या कौतुकामुळे मुलाचे तोंड आणखी बंद होते. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतील १२ हजारांहून अधिक मुलांशी बोलून एक अभ्यास प्रसिद्ध केला होता, त्यात महाराष्ट्र आणि गोवाही होते. छळ करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे मुलाच्या ओळखीचे किंवा मुलाने ज्यांच्यावर विश्वास टाकावा असे होते, असे त्यात आढळले.

त्याच अभ्यासाने तुमच्या मुलाच्या "मुलगाच तर आहे" या वाक्याचेही उत्तर दिले आहे. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ झाल्याचे सांगितले, आणि त्यांत मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा किंचित जास्तच निघाले. आपल्या घरांत मुलीच्या बाबतीत निदान धास्ती तरी असते. मुलाला पाहुण्यांच्या शेजारी झोपवताना मात्र कोणाच्या मनात किंतुही येत नाही. मुलगे सांगतही नाहीत, कारण "रडतोस काय पोरीसारखा" हे त्यांनी ऐकलेले असते. आणखी एक गोष्ट बापाने समजून घ्यावी. नको असलेल्या स्पर्शालाही शरीर कधी कधी आपोआप प्रतिसाद देते, आणि मग मुलाला वाटते की यात आपलाच काही दोष आहे. तसा तो नसतो, आणि हे त्याला ओळखीच्या, थोरल्या पुरुषाच्या तोंडून ऐकायला मिळाले तर त्याच्या मनावरचे मोठे ओझे उतरते. मूल विसरत नाही. ते बोलायचे थांबते, आणि घर त्यालाच विसरणे म्हणते. अशा मुलांपैकी बहुतेक जण पुढे स्वतः कोणाचा छळ करत नाहीत. ती भीती मनात असेल तर काढून टाका.

आता शपथेचे. तुम्ही शपथ मोडलीत हे योग्यच केलेत, पण तिचा एक पदर तुमच्या ध्यानात आला आहे का, हे मला ठाऊक नाही. गळ्याशपथ मोडली की माणूस मरते, असे आपल्याकडे मुले खरोखर मानतात. उद्या तुम्हाला साधा ताप आला तरी, आजी आपल्यामुळे आजारी पडली, असे त्याच्या मनात येऊ शकते, आणि तो ते कोणाला बोलून दाखवणार नाही. म्हणून हे लपवू नका. शाळेतून आल्यावर, खाणे झाल्यावर, इतर कोणी नसताना त्याला जवळ घेऊन सांगा: "तू मला सांगितलेस ते मी आईबाबांना सांगितले. शपथ मोडली, म्हणून माझ्यावर रागावलास तरी चालेल. पण कोणाला त्रास होत असेल तेव्हा घातलेली शपथ लागत नाही, मला काही होणार नाही. तुझी काहीच चूक नाही. मोबाइलबद्दल कोणी रागावणार नाही. दादाला थांबवणे हे आता आम्हा मोठ्यांचे काम आहे." एवढे पुरे आहे. "आता सगळे ठीक होईल" असे मात्र म्हणू नका, कारण पुढे पोलिसांशी बोलावे लागेल, डॉक्टरांकडे जावे लागेल, आणि तेव्हा त्याला वाटेल की आजीनेही फसवले.

त्याला आणखी काही सांगावेसे वाटले तर ऐका, पण खोदून विचारू नका. किती वेळा, कधीपासून, आणखी काय केले, तू ओरडला का नाहीस, हे प्रश्न घरात कोणीही विचारायचे नाहीत, सुनेनेसुद्धा नाही. मोठ्यांचा चेहरा पाहून मूल उत्तर बदलते, दर खेपेला थोडे वेगळे सांगते, आणि पुढे न्यायालयात नेमक्या त्याच फरकावर बोट ठेवले जाते. त्यापेक्षा एक वही घ्या आणि रविवारी त्याने काय सांगितले ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळेसह, लिहून ठेवा. त्याने "चड्डीवरून हात लावतो" म्हटले असेल तर तेच लिहा, त्याचे शुद्ध मराठी करू नका. मोबाइलवर त्याला बोलते करून चित्रफीत काढणे आणि ती मामा-मावशांना पाठवणे हा प्रकार आजकाल होतो. तो मुलावर दुसरा अन्याय आहे.

"चड्डीवरूनच ना" असे घरात कोणी म्हणेल, म्हणून सांगते. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एका प्रकरणात असे म्हटले होते की कपड्यांवरून केलेला स्पर्श, त्वचेचा त्वचेला संपर्क नसल्यामुळे, पोक्सो कायद्याखालील लैंगिक हल्ला ठरत नाही. त्यावर देशभर गदारोळ झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तो निर्णय रद्द करून स्पष्ट केले की महत्त्व हेतूला आहे, मध्ये कापड होते की नव्हते याला नाही. पोक्सो, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, १८ वर्षांखालील प्रत्येक मुलाला लागू आहे, मुलगा असो वा मुलगी. मूल १२ वर्षांखालचे असणे, आणि करणारा नात्यातला किंवा त्याच घरात राहणारा असणे, या दोन्ही गोष्टी त्या कायद्यात गुन्ह्याचे गांभीर्य वाढवणाऱ्या मानल्या आहेत. नेमके कोणते कलम लागेल ते पोलीस आणि न्यायालय ठरवतील. पण कपड्यांवरून केलेला असा स्पर्शही या परिस्थितीत किमान पाच वर्षांच्या शिक्षेपर्यंत नेऊ शकतो. हे तुमच्यापासून लपवून तुम्हाला ठाण्यात पाठवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

आणि जावे तर लागेल. या कायद्याचे १९ वे कलम सांगते की असा गुन्हा घडल्याचे ज्या कोणा व्यक्तीला माहीत आहे, किंवा घडेल अशी जिला धास्ती आहे, तिने तो पोलिसांना कळवलाच पाहिजे. न कळवणाऱ्याला २१ व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. म्हणजे आता तुम्ही, तुमचा मुलगा आणि सून, तिघेही बांधलेले आहात. मीही बांधलेली आहे: तुमच्या पत्रावर नाव नाही, गाव नाही, नाहीतर हे उत्तर लिहिण्याआधी मलाच कळवावे लागले असते. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर, पुढे गुन्हा सिद्ध झाला नाही तरी, कारवाई होत नाही, अशी हमी त्याच १९ व्या कलमात आहे. खात्री करून घेण्याचे काम तुमचे नाही, तपासयंत्रणेचे आहे.

घरात किंवा चार शहाण्यांना बसवून मिटवू, असा विचार डोक्यात असेल तर तोही सोडा. राजस्थानातल्या एका प्रकरणात मुलीचे पालक आणि आरोपी शिक्षक यांच्यात तडजोड झाली म्हणून उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा जिवंत केला, कारण असा गुन्हा ही दोन घरांमधली खासगी बाब नसते. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी, गावी पाठवून काय साधणार आहे? गावीही मुले आहेत, शिकवण्या आहेत, आणि तिथे तर कोणाला काहीच ठाऊक नसेल.

सुरुवात कशी करायची, ते सांगते. थेट पोलीस ठाण्यात जाण्याचे धैर्य होत नसेल तर १०९८ हा क्रमांक फिरवा. मुलांसाठीची ही मदतवाहिनी १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली, आता ती शासनाकडे आहे आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडलेली आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी असलेला जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि बाल कल्याण समिती यांच्याकडेही जाता येते. तक्रार नोंदवल्यावर पोलिसांनी ती २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीला कळवायची असते, आणि मुलाला या सगळ्यातून हात धरून नेण्यासाठी समिती एक साहाय्यक व्यक्ती देऊ शकते. ही व्यक्ती आवर्जून मागा. दारावर कोणी आणून सोडत नाही.

नातवाला ठाण्याच्या बाकावर बसावे लागेल, अशी भीती तुम्हाला वाटत असेल, तर ती कायद्यानेच ओळखली आहे. त्याचा जबाब घरी किंवा त्याला बरे वाटेल त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, आई किंवा त्याच्या विश्वासाच्या माणसासमोर घ्यायचा असतो. रात्री त्याला ठाण्यात ठेवता येत नाही. वैद्यकीय तपासणी त्याच्या विश्वासाच्या माणसासमोर होते, आणि शासकीय असो वा खासगी, रुग्णालय तातडीचे उपचार कागदपत्रांसाठी अडवू शकत नाही. शेवटचा प्रकार अगदी अलीकडचा असेल तर त्या रात्रीचे कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा. न्यायालयात सुनावणी बंद दाराआड चालते, आरोपी त्याच्या नजरेसमोर येणार नाही अशी व्यवस्था करायची असते, वकिलांचे प्रश्न न्यायाधीशांमार्फत विचारले जातात, आणि त्याचे नाव, शाळा, छायाचित्र छापायला प्रसारमाध्यमांना मनाई आहे. तुमच्या मुलाला ज्या वाच्यतेची धास्ती आहे ती कायद्यामुळे नव्हे, नातेवाइकांच्या फोनांमुळे होते.

हे कागदावरचे झाले. प्रत्यक्षात प्रत्येक ठाण्यात असेच होते असे मी म्हणणार नाही. बदलापूरच्या शाळेतील प्रकरणात, ऑगस्ट २०२४ मध्ये, चार वर्षांच्या मुलींच्या पालकांना गुन्हा नोंदवून घेण्यासाठी तासन् तास ताटकळावे लागले होते, आणि त्यानंतर लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले. म्हणून एकट्या जाऊ नका. सून किंवा एखादी अनुभवी कार्यकर्ती बरोबर घ्या, वहीतली नोंद घ्या, आणि प्रथम खबरी अहवालाची, म्हणजे एफआयआरची, प्रत मागा, ती विनामूल्य मिळते. टाळाटाळ झाली तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. माहिती नोंदवून न घेणाऱ्या पोलिसालाही तेच २१ वे कलम लागू होते. खटला वर्षभरात संपावा असे कायदा म्हणतो, पण पुष्कळदा अधिक काळ लागतो, त्याची मनाची तयारी ठेवा. मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, आणि अशा अत्याचारांतील पीडितांसाठी असलेल्या राज्य शासनाच्या मनोधैर्य योजनेखाली आर्थिक साहाय्य मिळू शकते का, तेही तिथेच विचारता येईल.

पुढचे काही महिने नातू अंथरूण ओले करील, शाळेच्या वेळी पोट दुखते म्हणेल, कारण नसताना चिडेल, किंवा यांतले काहीच करणार नाही आणि मजेत क्रिकेट खेळेल. खेळतो म्हणजे काही झालेच नव्हते, असा अर्थ काढू नका. त्याला सारखे कुरवाळत "माझं बिचारं लेकरू" म्हणत राहू नका. जेवण, शाळा, खेळ, झोप यांच्या वेळा आहेत तशाच राहू द्या, कारण त्या वेळांनीच त्याला सुरक्षित वाटते. मुलांशी बोलण्याचे शिक्षण घेतलेल्या समुपदेशकाची भेट मात्र जरूर घ्या. सुनेचे रडणेही मनावर घ्या: तीच आता स्वतःला दोष देत असणार, आणि आईला खचलेली पाहून मुलाला वाटते की आपण सांगितले म्हणून ती रडते. टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या शासकीय मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर तिला मराठीत कोणाशी तरी बोलता येईल.

शिकायला आलेल्या भाच्या-पुतण्यांना घरात ठेवून घेण्याची आपली रीत मला मोडायची नाही. कित्येकांची आयुष्ये त्यावर उभी राहिली आहेत. फक्त मूल आणि मोठा पाहुणा एका खोलीत झोपणार नाहीत, एवढे पथ्य असावे, पाहुणा कोणीही असो. आणि तुम्हा आजी लोकांकडे एक तक्रार. "आजोबांना पापा दे, नाहीतर ते रुसतील" असा आग्रह आपण करतो, त्या ठिकाणाचे नावसुद्धा "शी, घाण" म्हणून घेऊ देत नाही, आणि मग संकटात मुलाने स्पष्ट शब्दांत नाही म्हणावे आणि स्पष्ट शब्दांत सांगावे, अशी अपेक्षा धरतो. अवयवांना नावे द्या. पापा द्यायचा की नाही ते त्याला ठरवू द्या. आणि वाढदिवसाची भेटवस्तू लपवणे वेगळे, कोणीतरी घाबरवून ठेवायला लावलेले गुपित वेगळे, हा फरक गोष्टी सांगता सांगता त्याला उमजू द्या.

राहता राहिल्या वहिनी. त्यांच्याबद्दलचे तुमचे दुःख खरे आहे, आणि भावाच्या माघारी त्या मुलाला सांभाळण्याचा शब्द तुम्ही मनोमन दिला असेल, हेही मी समजू शकते. तरीही त्यांना तक्रार नोंदवण्याआधी काही सांगू नका. त्या आई आहेत, त्या आधी मुलाला फोन करतील, आणि रात्रीतून तो निघून जाईल किंवा दुसऱ्या दिवशी गावची माणसे तुमच्या दारात येऊन बसतील. तक्रार नोंदवल्यानंतर मात्र दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी तुम्ही स्वतः फोन करा. झाले त्याचे वर्णन करू नका, त्यांच्या संस्कारांवर बोलू नका, क्षमाही मागू नका. "तुझ्या मुलाने माझ्या नातवाला त्रास दिला आहे, मी पोलिसांना कळवले आहे, आणि त्याला वकील लागेल" एवढेच सांगा. त्या तुम्हाला नाही नाही ते बोलतील, कदाचित माहेरचा उंबरा कायमचा बंद होईल. ऐकून घ्या आणि फोन ठेवा. तो फोन नातू शाळेत असताना करा.